धोंडीबा हें नांव

बाप्तिस्म्यासाठीं बाळ आणिलें म्हणजे आजोबांचें धोंडीबा किंवा दगडू हें नांव नको, असें कित्येक आईबाप आम्हांस सांगतात. ज्या घरीं मुलें जगत नसत, तेथें मृत्यूची दृष्टि पडूं नये म्हणून पुत्रास असें नांव ठेवीत. तें भय ख्रिस्तानें दूर केलें; मग नांव कां टाकावें? पलिष्ट्यांवर जय मिळाल्यावर शमुवेलानें धोंडाच उभारिला व त्यास एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, म्हटलें. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तरी नारायण हेंच नांव राखिलें. नांवानें तारण होत नाहीं. परंतु ज्या आजोबांनीं घरांत प्रथम विश्वास धरिला, त्यांचें नांव लाजेनें पुसूं नये. तें नातवास आनंदानें द्यावें, आणि प्रभूनें या घराला कसा हात दिला, तें त्यास सांगावें.