सोसणे आणि लपवणे

ख्रिस्ती कुटुंबांत सहनशीलतेला मोठे मोल आहे. आपला क्रूस मुकाट्याने वाहणारी माउली सर्वांच्या आदरास पात्र ठरते. परंतु जे दुखणे कोणाला सांगितलेलेच नाही, ते सोसणे हा सद्गुण म्हणावा काय?

स्तनाच्या कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या किंवा रोह्याकडे भातलावणीला वाकलेल्या स्त्रीला, न दुखणाऱ्या गाठीसाठी कामाचा दिवस मोडणे परवडत नाही. त्यात लाजेची भर. लावणी उरकू दे, मुलीचे लग्न होऊ दे, असे म्हणता म्हणता वर्ष सरते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास आरंभला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत असा लाभ आढळला नाही. तथापि जाणवलेली गाठ डॉक्टरांना दाखवण्यास वयाची अट नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, परंतु हा निवाडा तपासणीनेच होतो.

हुतात्मा संत आगाथा हिचे स्तन छळकर्त्यांनी कापले, अशी परंपरा आहे. ५ फेब्रुवारीस तिचा सण येतो. स्तनविकाराने पीडित स्त्रिया तिची मध्यस्थी मागतात. ख्रिस्तसभेला ज्या वेदनेचा उच्चार करताना संकोच वाटला नाही, तिचा उच्चार आपल्या घरांत का होऊ नये?

गेथशेमनी बागेत प्रभूने आपली व्यथा शिष्यांपासून लपवली नाही. प्याला टळावा अशी विनवणी त्याने आधी केली आणि स्वीकार मागाहून केला. उपाय न शोधताच देवाची इच्छा म्हणून गप्प राहणे, हे या क्रमाला धरून नाही.

मात्र उशिरा उपचारास आलेल्या भगिनीला बोल लावणे अन्यायाचे होईल. तिच्या मौनाची सोय घरातील सर्वांनीच भोगलेली असते. रोह्याहून पेणमार्गे पनवेलला आगगाडी जाते. तेथून जवळच, खारघरला, टाटा मेमोरियल केंद्राचे रुग्णालय आहे. गावच्या डॉक्टरांनी पुढे पाठवले, तर त्या दिवशी चूल कोण सांभाळणार आणि तिच्यासोबत कोण जाणार, हे सायंप्रार्थनेला एकत्र बसणाऱ्या कुटुंबाने तिला विचारण्याची वेळ येऊ न देता ठरवावे.