बंदी गळावर, भीती रस्त्याची

समुद्रकिनारी गळ टाकून बसण्याइतका एकलकोंडा छंद शोधून सापडणार नाही. शेजारचा फार जवळ आला तर दोऱ्यात दोरा गुंततो, म्हणून ही मंडळी कोविडसारखी साथ नसतानाही अंतर राखूनच उभी असतात. तरी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 25 मार्च 2020 रोजी हौशी मासेमारी बंद केली. नदी, तळे, समुद्र, सगळीकडे. गोड्या पाण्यावरची बंदी बव्हंशी 5 मे रोजी उठली. खाऱ्या पाण्याला आणखी ताटकळावे लागले. हौशी मासेमार चिडले. त्यांचा सवाल बिनतोड वाटावा असाच होता: उघड्या वाऱ्यात एकट्या उभ्या माणसाला लागण कोणाकडून होणार?

सवाल खरा होता, पण अपुरा. गळ पाण्यात असतो तेवढा वेळ म्हणजे मासेमारी नव्हे. सिअ‍ॅटलच्या माणसाला खुल्या पॅसिफिकमधला हॅलिबट हवा असेल, तर आधी काही तास गाडी हाकावी लागते. वाटेत पेट्रोलपंप, कॉफी, आमिषाचे दुकान, पोहोचल्यावर बोटी पाण्यात सोडण्याच्या उतारावर रांग, रात्री मोटेल, आणि सकाळी खांद्याला खांदा लागेल अशा बोटीत मित्रमंडळी. शिवाय ही सगळी वर्दळ जिथे होते, ती गावे लहान, तिथली वस्ती बरीचशी उतारवयाची आणि इस्पितळांत खाटा मोजक्या. याच किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला वाळूतून रेझर क्लॅम जातीचे शिंपले काढायला हजारोंनी माणसे लोटतात. त्या वसंतात तेही बंद झाले आणि त्यामागे स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांचा आग्रह होता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण निया बे. अमेरिकेच्या सलग भूमीचे हे वायव्य टोक, माका जमातीचे गाव. हॅलिबट आणि सॅमनसाठी बाहेरचे लोक इथे बोटी घेऊन येतात, पण बंदर आणि तिथवर जाणारा रस्ता माकांच्या राखीव भूमीत. राज्याचा आदेश निघण्याआधीच, मार्चच्या मध्यात, जमातीने ही भूमी बाहेरच्यांना बंद केली. ती पुन्हा खुली झाली मार्च 2022 मध्ये. दोन वर्षे! पर्यटनावर बरेचसे पोट असलेल्या गावाने स्वतःच्या हाताने कमाई थांबवली. हा अतिरेक वाटत असेल, तर 1850च्या दशकाच्या सुरुवातीला देवीच्या साथीने या जमातीची काय दशा केली ते आठवावे. ती साथ बाहेरून आली होती. त्या पडझडीनंतर लगेच, 1855 मध्ये, माकांनी करारात जमिनीचा मोठा भाग सोडला, पण समुद्रावरचा मासेमारीचा हक्क सोडला नाही. अशा लोकांनी हौशी पाहुण्याला ‘आता नको’ म्हटले, तर त्यात आकस शोधण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे त्याच वर्षी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी कोकणातल्या गावांनी विलगीकरणाची अट धरली, तेव्हाही भीती रस्त्याचीच होती. फरक एवढाच, की इथे वेशीवर थांबवलेला माणूस घरचाच होता.

मग वॉशिंग्टनचे चुकले कुठे? सरसकटपणात. धोका प्रवासात होता आणि बंदी घातली गळावर. किनाऱ्यावरच राहणारा, घरून चालत धक्क्यावर जाणारा माणूस आणि शंभर मैलांवरून बोट ओढत आणणारा माणूस यांना एकच नियम लागला. सिअ‍ॅटल-टकोमाकडच्या धक्क्यांवर गळ टाकणाऱ्यांत रात्रीच्या जेवणाला मासा नेणारेही असतात. कागदोपत्री तेही ‘हौशी’च. काम बुडालेल्या दिवसांत त्यांचा मासा अडवण्याचे समर्थन मला करता येत नाही. हे ओळखणारे नियम तेव्हाही होते. शेजारच्या ओरेगनने 10 एप्रिलपासून फक्त परराज्यातल्यांना मनाई केली. न्यूझीलंडने आधी सगळेच बंद ठेवले. एप्रिलअखेर कडकपणा एक पायरी उतरल्यावर घराजवळच्या किनाऱ्यावरून गळ टाकायला मुभा दिली, बोटीला दिली नाही. बोट भरकटली तर तिला आणायला माणसे धाडावी लागतात, हा त्यामागचा साधा हिशेब. इंग्लंडने मे 2020 मध्ये मासेमारी खुली केली आणि जानेवारी 2021च्या टाळेबंदीत ती चालू ठेवली, पण आपापल्या परिसरापुरती.

एक नुकसान मात्र फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. अमेरिकेच्या अटलांटिक आणि आखाती किनाऱ्यावर हौशी मासेमारांनी किती मासे पकडले, हे कळते ते धक्क्यांवर उभे राहून परतणाऱ्यांना विचारणाऱ्या गणकांमुळे. साथीत ही माणसे घरी बसली. कुठे काही आठवडे, कुठे काही महिने प्रत्यक्ष मोजणीच नाही. कोणत्या जातीचा किती मासा पुढे पकडू द्यायचा, हे ठरवण्यात या आकड्यांचा वाटा मोठा. रिकाम्या जागा शेवटी 2018 आणि 2019च्या आकड्यांनी भरल्या गेल्या. पण 2020 हे मागच्या दोन वर्षांसारखे नव्हतेच: कुठे बंदरे ओस होती, तर कुठे कामधंदा थांबल्याने एरवी न येणारी माणसे किनाऱ्यावर आली होती.

पुढच्या साथीत आदेश लिहिणाऱ्यांनी मैल मोजावेत, गळ नव्हे. बोटींना वेळीच आवर घालावा, पायी येणाऱ्याला किनारा मोकळा ठेवावा आणि राखीव भूमीच्या दाराशी तिथल्या लोकांचा शब्द अखेरचा मानावा. आणि धक्क्यावरच्या गणकाला शक्य तितक्या लवकर कामावर परत बोलवावे.