पावसाची रात्र आणि सोडलेला श्वास

मोवाडच्या माणसाला वर्धा नदीची भीती का वाटते, हे नरखेड तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 30 जुलै 1991 च्या महापुरानं गावातली 204 माणसं नेली. मी तेव्हा शाळकरी होतो. आजही जुलैत रात्री टिनावर पाऊस बडवू लागला की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, बोटांना मुंग्या येतात.

अशा वेळी मी भिंतीला टेकून बसतो. एक हात पोटावर. चार अंक मोजत नाकानं श्वास घ्यायचा, सहा अंक मोजत सोडायचा, आणि हाताखाली पोट वर येतं की नाही एवढंच बघायचं. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या आणि गरगरणं त्यातूनच येतं. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते. म्हणून 'मोठा श्वास घे' हा सल्ला मला अपुरा वाटतो. सावकाश सोडणं महत्त्वाचं. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या, त्यामुळे हे नुसत्या श्रद्धेवर सोडलेलं ज्ञान नाही.

धडधड थांबते. मग मन विचारतं, त्या दिवशी ज्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, त्यांच्या गावात बसून तू श्वास मोजून शांत होतोस? हा प्रश्न मला फार वर्षं पुरला. शांत होणं म्हणजे त्यांना विसरणं, असं वाटायचं. आज तसं वाटत नाही. मी रात्रभर थरथरत बसलो म्हणून गेलेल्या एकाही माणसाचं ऋण फिटत नाही. उलट घरातली लेकरं माझ्याकडे बघून पावसाला भ्यायला शिकतात.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. शांत झाल्यावर मी बेफिकीर होतो का? माझ्या भीतीत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक 1991 ची, अंगात मुरलेली. दुसरी आजच्या नदीची, आणि ती खरी असू शकते. पहिलीला श्वासानं निवू द्यावं. दुसरीला श्वासानं झोपवणं मला मान्य नाही. जीव थाऱ्यावर आला की टॉर्च घेऊन बाहेर बघायचं, नदीकडच्या घरी फोन करायचा, शेजारची म्हातारी काकू जागी आहे का विचारायचं. हातपाय कापत असताना यातलं काहीच नीट होत नाही; त्यासाठीच तर आधी श्वास. नुसतं स्वतःला बरं वाटावं म्हणून डोळे मिटून बसलो आणि शेजारी एकटा घाबरत राहिला, तर तो अभ्यास माझ्या मनाला पटणार नाही.

श्वासानं सगळं भागतं असंही मी म्हणणार नाही. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कामात मन लागेना, जगणं नको वाटू लागलं, तर डॉक्टरकडे जावं. छातीतलं दुखणं नवं असेल तर ते भीतीचंच आहे असं आपलं आपण ठरवू नये. आपल्या गावात पूर पाहिलेली कितीतरी माणसं आता म्हातारी झाली आहेत. पावसाच्या रात्री त्यांना 'उगीच घाबरता' म्हणू नका, दोन घटका जवळ बसा. आणि कुणाशी बोलायचं सुचेना तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो.