पडद्यावरील बोली आणि आपले हसणे

‘स्टिरिओटाइप’ हा शब्द मुळात छापखान्यातला. जुळविलेल्या मजकुराचा धातूचा ठसा एकदा ओतून ठेवायचा आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या, अशी ती सोय होती. अमेरिकन विचारवंत वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात तो मानवी मनाला लावला. माणूस भेटण्यापूर्वीच त्याच्याविषयीचे चित्र आपल्या मनात तयार असते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा.

चित्रपट हे अशा ठशांचे मोठे कोठार ठरले. वेळ थोडा असल्याने पात्राची ओळख दोन वाक्यांत करून द्यावी लागते आणि त्यासाठी भाषेच्या हेलाइतके स्वस्त साधन दुसरे नाही. ‘पडोसन’मधील (१९६८) दाक्षिणात्य संगीतशिक्षक हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. हिंदी पडद्यावर मराठी बोलायचे ते घरकाम करणाऱ्या बाईने किंवा हवालदाराने, हा संकेतही तसाच रूढ झाला. याविषयी मराठी माणूस खंत व्यक्त करतो, ती रास्तच आहे.

परंतु आपल्या जिल्ह्यांना याहून जवळचे उदाहरण दखनीचे आहे. ‘गुमनाम’मध्ये (१९६५) मेहमूद यांनी हैदराबादी ढंगात बोलणारा नोकर रंगविला. पुढेही हिंदी पडद्यावर ही बोली बहुतांशी हशापुरतीच उरली. वास्तविक १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याची गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ही आरंभीची राजधानी आणि बीदर ही नंतरची. दखनीतील आरंभीचे काव्य मानले जाणारे ‘कदमराव पदमराव’ पंधराव्या शतकात त्याच राजवटीत रचले गेले. या बोलीतील ‘नक्को’ हा नकार आणि शब्दावर जोर देणारा ‘च’ ही तर मराठीचीच देणगी. त्या हशात आपण आपल्याच शब्दांना हसत असतो, हे किती जणांच्या ध्यानी येते?

कन्नड चित्रपटातही म्हैसूरकडील बोली नायकाला आणि उत्तर कर्नाटकातील बोली विनोदी पात्राला, अशी वाटणी दीर्घकाळ दिसली. मराठीतही पुणेरी प्रमाणभाषा शहाण्याची आणि मराठवाडी बोली भाबड्याची, हा संकेत अपरिचित नाही. तेव्हा याबाबत कोणत्याही एका भाषिक समाजाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही.

‘विनोद विनोदाच्या जागी असावा, त्याची एवढी चिकित्सा कशाला?’ असा आक्षेप येईल. शासकीय सेवेत सुनावण्यांच्या वेळी जे वारंवार पाहिले, त्यावरून मला हा आक्षेप पटत नाही. एखादा शेतकरी आपल्या गावच्या बोलीत कैफियत मांडू लागला की समोरच्यांच्या ओठांवर हसू येई आणि त्याचा खरा दावाही हलका वाटू लागे. शुद्ध भाषेत मांडलेला पोकळ दावा मात्र गांभीर्याने ऐकला जाई. पडद्यावर लागलेली हसण्याची सवय चित्रपटगृहाच्या दारापाशी थांबत नाही, ती न्यायाच्या मेजापर्यंत येते.

म्हणून पडद्यावर मराठी मोलकरीण का दाखविली, हा प्रश्न मला गौण वाटतो. मोलकरीण वास्तवात आहे आणि तिचे काम सन्मानाचे आहे. तीच तेवढी का दाखविली, हा खरा प्रश्न. एक चित्र खोटे नसते. त्याची सतत होणारी पुनरावृत्ती इतर चित्रांना जागा नाकारते आणि तिथे अन्याय घडतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) करमाळा परिसरातील बोली नायक-नायिकेच्या तोंडी आली. त्याच बोलीत प्रेम, भय आणि विनोद व्यक्त झाले. बोली तीच, परंतु तिला संपूर्ण माणूस लाभला.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले, की भिन्न समूहांचा संपर्क पूर्वग्रह कमी करू शकतो; मात्र तो समान दर्जाने आणि समान उद्दिष्टासाठी घडला पाहिजे. कन्नड, मराठी, दखनी आणि तेलुगू बोलणारी माणसे एकाच बाजारात भेटणाऱ्या या सीमाभागात संपर्काचा तुटवडा कधीच नव्हता. समान दर्जाची अट मात्र आपण सर्वांनी अद्याप पुरी करावयाची आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या मराठी घराण्यांनी शेजाऱ्याच्या हेलाची नक्कल घरातल्या मुलांसमोर करण्याचे टाळले, तरी तिचा आरंभ होईल.