नदीत सोडलेला मासा

घरातल्या काचेच्या पेटीत पाळलेला मासा वाढला, पेटी अपुरी पडू लागली, की पुष्कळ जण तो नदीत नेऊन सोडतात. सोडताना हात जोडतात. ‘सुटला बिचारा’ म्हणतात. मारण्यापेक्षा सोडलेला बरा, हे कोणत्याही माळकऱ्याला पटेल. मलाही पटत होते.

पण उजनीच्या मच्छीमारांशी बोला. त्यांच्या जाळ्यात ‘सकर’ नावाचा मासा येतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून लोक बोटाएवढा विकत आणतात. वाढला की फूटभर, त्याहूनही मोठा होतो. अंगावर हाडासारखे कवच, पंखांना काटे. जाळे फाटते आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. ज्या घाण पाण्यात इतर मासे तडफडतात, तिथे हा हवा गिळून जगतो. शेवाळ खरवडताना इतर माशांची अंडीही त्याच्या पोटात जातात. स्वतःच्या अंड्यांसाठी तो काठात बिळे पोखरतो. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी शेवटी भीमेलाच मिळतात, भीमा उजनीत साठते, आणि तेच पाणी वारीला पंढरपुरात येते. शहरातल्या पुलावरून सोडलेल्या माशाची वाट चंद्रभागेकडेच जाते.

यात माशाचा काय दोष? त्याच्या देशी त्याला खाणारे आहेत, त्याची जागा आहे. इथे आणले आपण.

मग ती दया होती का? सोडताना मनाला जो हलकेपणा वाटला, तो जरा तपासून पाहा. मासा सुटला म्हणून वाटला, की पेटीचे पाणी बदलण्यातून आपण सुटलो म्हणून? तो जीव रोज डोळ्यांसमोर होता. मरळ, शिंगटा यांची अंडी दिसत नव्हती, फाटलेले जाळेही दिसत नव्हते. ‘सर्वांभूती देव’ म्हणताना त्यातला ‘सर्व’ आपण फार भरकन उच्चारतो.

मग मारायचा का? नाही. दुकानदाराला परत घ्यायला सांगा, मोठी पेटी असलेल्या कोणाला द्या, नाहीतर स्वतः सांभाळा. आणण्याआधीच विचारा, हा केवढा होतो.

कठीण आहे ते पुढचे. जाळ्यात आलेला सकर मच्छीमार काठावर फेकून देतात. हवा गिळत असल्याने तो लवकर मरतही नाही. तिथे उभे राहिलात, तर उचलून पाण्यात टाकावासा वाटेल. टाकू नका, आणि त्या मच्छीमाराला निर्दयही म्हणू नका. तडफडत ठेवू नकोस, चटकन संपव, एवढे त्याला सांगता येईल. माझ्या गळ्यात माळ आहे. ते सांगणे मला अजून जमलेले नाही.