शंभर नावांची यादी

मी सूतगिरणीत बदली कामगार. रिंगखात्यात भरल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या. बदली म्हणजे गेटवर उभं राहायचं. कुणाचा खाडा पडला तर आत, सगळे आले तर घरी. अशा रिकाम्या दिवसांत मी कोल्हापुरात तीन मुलाखती दिल्या. तिन्ही कमिशनच्या. एक पाणी शुद्ध करायच्या यंत्राची, एक विम्याची, एक साबण-पावडरची. पगार कुठंच नाही. विकाल तेवढं खाल.

तिन्ही ठिकाणी साहेब वेगळा, टाय वेगळा, बोलणं एक. "इथं शिक्षण विचारत नाही, जात विचारत नाही. इथं फक्त मेहनत बोलते." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो का, हे बघत बघतच आपण मोठे झालो. इथं चेहरा बदलला नाही. मग विम्याच्या साहेबानं कोरा कागद पुढं सरकवला. म्हणाला, "ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहा."

दोस्तहो, माझा प्रश्न ह्या कागदापासून सुरू होतो.

शेजारच्या पोरानं भराभर लिहिलं. डॉक्टर काका, पतसंस्थेचा चेअरमन, दोन वकील, बापाचे व्यापारी मित्र. माझ्या कागदावर आई, मावशी, हमाली करणारा चुलता, घंटागाडीवरचा दोस्त, यंत्रमागावरची पोरं. कमिशनचा दर दोघांना एकच. ह्याला साहेब समता म्हणतो. जात त्यानं तोंडानं विचारली नाही, हे खरंय. त्यानं ती आमच्याच हातानं लिहून घेतली.

बाजाराला जात नसते असं म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरचीच गोष्ट आठवावी. गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं. चहा कसा होता हा सवालच नव्हता. हात कुणाचा, हा सवाल होता. गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायले, तेव्हा लोक यायला लागले. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात मजुरी कामाच्या मापावर, म्हणून कमाई जास्त. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, अन् आपल्या तोंडाचा विटाळ. म्हणून आपली माणसं त्या खात्याबाहेर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्यांपुढं ठेवला. जितकं कराल तितकं मिळवाल, हा न्याय तेव्हाही होता. मागाजवळ कुणाला उभं करायचं, हे मात्र आधीच ठरलेलं होतं.

माझा एक कार्यकर्ता मित्र म्हणतो, "अरे, पण दार तरी उघडं आहे ना? पगारी नोकरीत तेही नाही." त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण दार उघडं का? तर मी आत येऊन काहीच विकलं नाही, तरी त्याचा एक पैसा जात नाही. एस.टी.चं तिकीट माझं, मोबाइल माझा, चपला माझ्या, दिवस माझा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारा कायदा झाला. कमिशनवाल्याला घड्याळच नाही. रात्री दहालाही तो कुणाच्या तरी दारात उभा असतो. वर त्याला सांगतात, तू मालक आहेस. मालकाचं नाव माझं अन् मालकाचा नफा त्याचा.

इथपर्यंत मी दुसऱ्याला दोष दिला. आता माझं.

मी एक पॉलिसी विकली. मावशीला. ती चार घरची धुणीभांडी करते. विम्यात पहिल्या वर्षाचं कमिशन मोठं, पुढं बारीक. म्हणजे माझा फायदा नवी पॉलिसी फाडण्यात, जुनी चालू राहण्यात फारसा नाही. हे मला माहीत होतं. तिला मी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षीचा हप्ता तिला जमला नाही, पॉलिसी बंद पडली, पहिल्या वर्षाचे पैसे बुडाले. मी विचारलं, "मावशे, कागद वाचला नव्हतास?" ती म्हणाली, "तू म्हणलास म्हणून घेतलं बाबा. कागद कशाला वाचू?"

त्या रात्री तिसरी पाळी होती. बॉबिनी काढताना एकच कळत होतं. मी विमा विकलाच नव्हता. वस्तीत आपल्या पोरांवर जो विश्वास आहे तो मी विकला. तो माझ्या एकट्याचा नव्हता. कुणी रेशनसाठी भांडलं, कुणी रात्री दवाखान्यात बसलं, कुणी पोरांना अभ्यासाला बसवलं, त्यातून तो साठला. त्यावर मी माझा टक्का घेतला.

१९५६ साली आपण धम्म घेतला. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. दुसऱ्याला न लुबाडता पोट भरणं. भुकेल्यानं हे पाळावं का? मी म्हणतो, भुकेल्यानंच पाळावं, कारण त्याच्या हाताशी लुबाडायला दुसरा भुकेलाच असतो. विकणं पाप नाही. भाजीवाली विकतेच की. पण ती वांगं समोर ठेवते, दाबून बघू देते.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच. तिथं दोन प्रश्न विचारा. एक साहेबाला: काही विकलं गेलं नाही त्या दिवशीच्या भाकरीचं काय? दुसरा स्वतःला: कमिशन नसतं तर हीच वस्तू ह्याच किमतीला मी आईला घ्यायला लावली असती का?

तिसरी मुलाखत साबण-पावडरची. तिथं साहेब मालाबद्दल थोडं अन् माणसं जोडण्याबद्दल फार बोलला. असल्या साखळीचा पैसा बंद करणारा कायदा १९७८ चा आहे, तरी हॉल भरलेला होता. पुन्हा कोरा कागद आला. मी तो कोराच परत दिला अन् गिरणीच्या गेटवर येऊन उभा राहिलो. त्या दिवशी काम मिळालं नाही.

मावशीचं कमिशन मी दोन हप्त्यांत परत केलं. तिनं नोटा मोजून घेतल्या. बुडालेले बाकीचे पैसे अजून देणं आहे. माझं कुठं चुकत असेल तर लिहा. जयभीम.