ऋण आणि दान यांचा विवेक

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना भगवंतांनी ‘अनुपकारी’ हा शब्द योजिला आहे. ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, तो अनुपकारी. आता अंथरुणास खिळलेली माता आपणांस काही देऊ शकत नाही. म्हणून तिच्या शुश्रूषेवर केलेला खर्च दान ठरेल काय? मुळीच नाही. ती आधीच देऊन चुकली आहे. तो खर्च म्हणजे ऋणाची फेड होय. दाता स्वेच्छेने देतो. ऋणको ठरल्या दिवशी देण्यास बांधलेला असतो.

हा विवेक सुटला की घरात कलह शिरतो. भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. आज त्यांतील कित्येकांची मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशी असतात. वृद्ध आईवडिलांपाशी एखादाच मुलगा राहतो. दूरचे बंधू दिवाळीस काही रक्कम धाडून दानाचे समाधान मानतात. परंतु सेविकेचे वेतन व औषधे यांचा खर्च दरमहा उभा असतो. सेविका नसेल तर तो भार सुनेच्या देहावर पडतो, आणि तिचे श्रम कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत.

कोणी म्हणेल, शासन आहेच. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत मासिक २०० रुपये व पुढे ५०० रुपये इतका आहे. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांस आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षास ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात; परंतु घरी कूस बदलून देणाऱ्या हातांचे वेतन त्यात नाही. निर्वाहाचे दायित्व १९५६ च्या हिंदू कायद्याने पुत्र व कन्या या दोघांवरही ठेविले आहे, आणि २००७ च्या कायद्याने आईवडिलांस न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण जन्मदात्रीस ते द्वार ठोठवावे लागावे, यापरती अपकीर्ती कोणती?

म्हणून सर्व भावंडांनी एकत्र बसून मासिक खर्च मांडावा. ज्याची प्राप्ती अधिक, त्याने अधिक भार उचलावा, आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी, स्वतःच्या खर्चापूर्वी, आपला वाटा काढून ठेवावा. जो हाताने सेवा करतो, त्याची सेवा हाच त्याचा वाटा समजावा. सेविकेचे वेतनही वेळेवर द्यावे. तिच्याही घरी वृद्ध असतात.

आणि घरात जन्मतः अपंग भाऊ असेल तर? त्याने आपणांस काही दिलेले नाही, पुढेही देणार नाही. खरा अनुपकारी तोच. आईवडिलांच्या पश्चात त्याच्या निर्वाहासाठी द्रव्य आजच वेगळे ठेवणे, हे सात्त्विक दान होय.

सज्जनहो, मातेपुढे दाता म्हणून उभे राहू नका, ऋणको म्हणून नम्र व्हा. आणि त्या भावापुढे देताना मोजू नका.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥